काका, आप तो बेस हैं!

चक्कीवर बसणारा माणूस मुद्दाम अंगाला पीठ लावून घेत नाही. तरी संध्याकाळी घरी जाताना भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. कधी बसलं, कुठून आलं, काही कळत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. मी काही गोळा करायला गेलो नव्हतो. दर रविवारी गाण्याच्या हॉलवर जाऊन येत गेलो, अन् एक दिवस पाहतो तर अंगभर किस्से! आता झटकायला बसलो आहे. थोडे तुमच्यावर उडतील, सांभाळून घ्या.

मी देवराव. इकडं हिंदी मुलखात, चेरीताल मोहल्ल्यात जन्मभर पिठाची चक्की चालवली. शाळेत फारसा गेलो नाही, त्यामुळं वाचायला लागलो की अक्षरं एकेक करून येतात, अन् शेवटचं येईपर्यंत पहिलं निघून जातं. आता चक्की मुलगा पाहतो. घरी मी अन् आमची ही. हिचं नाव कुसुम, पण मोहल्ल्यात सगळे कुसुमताई म्हणतात, कारण भजनी मंडळात पुढं बसून सांगणारी तीच. आवाज असा की ही चेरीतालात गायली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला अधारतालच्या माणसानं टाळ काढावे!

*

एका संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, ऐकलं का?"

मी म्हटलं, "हूं."

"मराठी मंडळाच्या हॉलवर कॉयर सुरू होऊन राहिलं. मी नाव देणार आहे."

मी बराच वेळ विचार केला. मग म्हटलं, "आपली कापसाची गादी काय वाईट आहे? ती काथ्याची कॉयर पाठीला टोचते."

ही माझ्याकडं पाहतच राहिली. "गादी नाही हो! गाण्याचं कॉयर! खूप जण मिळून गातात ते."

"मिळून तर तुम्ही भजनात गाताच."

"ते वेगळं. इथं प्रत्येक जण वेगळं गातो, अन् मिळून एक गाणं होतं."

"वेगळं गातात, तर मिळून कसं?"

"तुम्ही गादीवर पाठ टेका बरं!"

मला काही उमगलं नाही, पण एक दिसलं. त्या नाव द्यायच्या गोष्टीत हिचा जीव होता. तिथं आधी ऑडिशन होतं, म्हणजे परीक्षा. हिनं आदल्या दिवशीच साडीला इस्त्री करून ठेवली. सकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. लग्नाआधी ही सराफा मोहल्ल्यात राहायची. तिथं शेजारच्या बाईंकडं हिला गाणं शिकायला पाठवायचं ठरलं होतं, अन् तेवढ्यात माझं स्थळ आलं. शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

म्हणून मीही धुतलेला कुर्ता घातला. मला काय, पर्स धरायला जायचं होतं.

*

परीक्षा घेणारी रिचा दीदी. आमच्या नातीच्या वयाची पोरगी. तिला सगळे दीदी म्हणतात म्हणून मीही दीदी म्हणतो, अन् ती मला काका म्हणते. नातं जुळवायला बसलो की माझं डोकं दुखतं.

ही गायली. काय सांगू, खिडकीची काच थरथरली! दीदीचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "आंटी, बहुत सुंदर! लेकिन आपकी आवाज़ सबसे अलग निकल जाती है। क्वायर में ब्लेंड होना पड़ता है।"

ही माझ्याकडं वळली. "ब्लेंड म्हणजे काय हो?"

मी हळूच म्हटलं, "मिक्सरमध्ये करतात ते."

"मग मी काय चटणी आहे?"

दीदीनं हात जोडले, "सॉरी आंटी, इस बार नहीं।" हिनं पदर सारखा केला अन् दाराकडं गेली. मी हिची पर्स, शाल अन् पाण्याची बाटली सांभाळत उठलो, तर दीदी म्हणाली, "काका, अब आप।"

मी नेमका रांगेतल्या खुर्चीवर बसलेलो होतो ना! गडबडीत म्हटलं, "नहीं नहीं दीदी, मैं तो पर्स के साथ हूं।"

"अरे, शरमाइए मत। कुछ तो सुनाइए।"

मला काही सुचेना. अन् सुचत नाही तेव्हा मी जे म्हणतो तेच तोंडातून निघालं. "हूं."

दीदीचे हात पेटीसारख्या त्या कीबोर्डवर थांबले. "फिर से?"

"हूं."

तिनं एक पट्टी दाबून धरली. "अब इसके साथ। लंबा।"

पट्टा चढल्यावर चक्की जशी एका सुरात लागते, तसं मी डोळे मिटून लांब हूं म्हटलं. मोटर बंद करायची असते हे विसरलोच. शेवटी दीदीनं खांद्याला हात लावला.

"काका," ती म्हणाली, "आप तो बेस हैं!"

आता आपल्यात बेस म्हणजे काय? शिरा चांगला झाला, बेस. जावई चांगला मिळाला, बेस. मी हात जोडून म्हटलं, "आपकी कृपा है!"

*

घरी जाताना ही पुढं, मी पर्स घेऊन मागं. कोपऱ्यावर आलो तेव्हा हिनं विचारलं, "काय म्हणाली ती पोरगी तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला म्हणाली, बेस आहे."

ही चार पावलं चालली. मग म्हणाली, "अन् मला?"

मी म्हटलं, "हूं."

"पहा!" ही भर रस्त्यात थांबली. "जन्मभर मला हूं म्हणत आले, अन् त्याच हूंची परीक्षा पास करून बसले!"

मी म्हटलं, मी नाही जात त्या कॉयरमध्ये. तर माझ्यावरच उखडली. "काहून नाही जात? घरातून एक तरी गेलं पाहिजे!"

त्या दिवसापासून मी रविवारी निघालो की ही दारातून म्हणायची, "या, बेसबुवा, जाऊन या!" तेवढं सोडलं तर घरात कॉयरचं नाव निघत नव्हतं.

*

आमच्या शेजारी तिवारीजी राहतात. बँकेतून रिटायर झालेले. तेही निवडले गेले होते. पहिल्या रविवारी त्यांनी मला आपल्या आल्टो गाडीत बसवून नेलं. हॉलच्या दारातच दीदी सांगत होती, "आल्टोवाले लेफ्ट में, बेसवाले पीछे!"

मी आल्टोतून आलेला. लेफ्टला जाऊन बसलो.

थोड्या वेळानं पाहतो तर डावीकडं, उजवीकडं, पुढं, सगळ्या बाया! मी अंग चोरून घेतलं. बाजूची बाई म्हणाली, "काका, आप भी आल्टो?"

"हां जी। तिवारीजी के साथ आया हूं।"

"तिवारीजी तो टेनर हैं!"

हे मला माहीत नव्हतं. शेजारी ट्रेनर राहतो, अन् मला पत्ता नाही! मी तिथून उठलो अन् थेट तिवारीजींच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ट्रेनर असले म्हणजे ते करतील तसं करायचं. ते वर गेले, मी वर गेलो. ते थांबले, मी थांबलो. ते खोकले, मी खोकलो. असं कितीतरी रविवार चाललं.

शेवटी एकदा दीदीनं सगळ्यांना थांबवलं. "काका, आप टेनर की लाइन क्यों गा रहे हैं?"

"दीदी, ट्रेनर जो करेंगे वही तो करना पड़ेगा ना!"

अख्खा हॉल हसला. तिवारीजी हसले नाहीत. त्यांनी तेव्हापासून छाती काढून उभं राहायला सुरुवात केली!

परतताना त्यांनीच मला गाडीत समजावलं. बायांचा वरचा आवाज सोप्रानो, बायांचा खालचा आवाज आल्टो, पुरुषांचा वरचा टेनर, अन् पुरुषांचा जाडा, अगदी खालचा आवाज म्हणजे बेस.

"मतलब," मी विचारलं, "बेस मतलब अच्छा नहीं?"

"अच्छा-बुरा कुछ नहीं, देवरावजी। मोटा।"

मी उरलेला रस्ता खिडकीबाहेर पाहत होतो. घरी आलो तर दारात ही. "या, बेसबुवा!" आता हिला काय सांगू?

*

एकदा दीदी गाणं थांबवून म्हणाली, "काका, आप थोड़ा फ़्लैट हो रहे हैं।"

मी म्हटलं, "फ्लैट नहीं दीदी, खुद का मकान है। चेरीताल में। फ्लैट तिवारीजी के बेटे का है।"

दीदी कपाळाला हात लावून खाली बसली. फ्लॅट म्हणजे सूर उतरणं, हे मला पुढच्या रविवारी कळलं. तोपर्यंत मी दोन जणांना घराचा पत्ता समजावून सांगितला होता.

*

आम्ही जे गाणं बसवत होतो ते नर्मदामय्याचं. त्यात मध्येच एका जागी सगळे एकदम गप्प होतात. मग त्या शांततेत आधी आमचा जाडा हूं येतो, अन् त्याच्यावर पाय देऊन बाकीचे आवाज चढतात. आमच्यात बेसवाले आम्ही तीन म्हातारे. दुसरे दोघे माझ्या भरवशावर, अन् मी दीदीच्या हाताच्या भरवशावर.

दीदी म्हणाली, "यहां सबका रेस्ट है।"

मी खुर्चीवर बसलो. मी बसलो म्हणून ते दोघेही बसले. एकानं तर पाणी प्यायला बाटली उघडली.

"काका! रेस्ट में बैठना नहीं है!"

"तो फिर रेस्ट कैसा, दीदी?"

ती म्हणाली, उभंच राहायचं, गप्प राहायचं, अन् हात दिसला की सुरू व्हायचं. ऐकायला सोपं आहे. पण तिचा हात असा की आधी थोडा वर जातो, मग खाली येतो, मग परत वर. यातला आपला कोणता? मी कधी आधीच सुरू होई, कधी सगळे चढून गेल्यावर. आधी सुरू झालो की रिकाम्या स्टेशनात इंजिन शिरल्यासारखं वाटे, अन् माझ्यामागं दोन डबे!

प्रोग्राम जवळ आला. दीदी मला बाजूला घेऊन गेली. फार गोड पोरगी, तिलाच बोलायला जड जात होतं. "काका, उस जगह मैं कीबोर्ड से सुर दे दूं? आप लोग बस खड़े रहिएगा।"

मी म्हटलं, "खड़ा रहूंगा, दीदी।"

घरी आलो. ताट समोर आलं, तर मी पोळी नुसती मोडत बसलो. हिनं विचारलं, अन् मी सांगून टाकलं.

हिनं पोळीचा तवा उतरवला. "म्हणजे या घरातून एक माणूस गेला, अन् तोही मुका उभा राहणार?"

*

दुसऱ्या दिवसापासून ओट्याजवळ शिकवणी सुरू झाली. गाण्याचा कागद हिच्या हातात. आमच्या घरी त्या इंग्रजी नावांना जागा नव्हती. हिच्या भाषेत बारीक आवाज, मधला आवाज अन् जाडा आवाज. तिवारीजींच्या मोबाईलवर सगळ्यांचं गाणं होतं ते आमच्या मोबाईलवर मागवलं, अन् ऐकून ऐकून हिनं मधला आवाज उचलला. ती मधला गाई, मी जाडा लावी. अन् ती शांततेची जागा आली की मी तिच्याकडं पाही, ती माझ्याकडं पाही, अन् कुकरची शिट्टी होई.

"अहो, हाताकडं पाहा ना माझ्या!"

"पाहून राहिलो."

"मग म्हणत काहून नाही?"

"तू लाटणं धरलं आहे. लाटणं वर गेलं की मला वेगळंच वाटतं!"

एक दिवस असंच चाललं होतं. शांततेची जागा आली. तेवढ्यात हिला गॅस संपल्याची आठवण झाली असावी. नेहमीसारखी म्हणाली, "अहो, ऐकलं का?"

"हूं."

लांब, जाडा, अगदी जागेवर! हिनं लाटणं खाली ठेवलं. परत गाणं म्हटलं, परत त्या जागी थांबली. "अहो, ऐकलं का?"

"हूं!"

एकदाही चुकलो नाही. लग्नापासूनची तालीम होती ती.

मी विचारलं, "पण तिथं स्टेजवर कोण म्हणेल?"

"मनात म्हणा."

"मनात मी म्हणू की तू म्हणशील?"

"मी कशाला म्हणू? मी येतच नाही. मला कोणी निवडलं आहे काय?"

माझा पुन्हा गोंधळ झाला.

*

त्याच आठवड्यात मला सर्दी झाली म्हणून मी एक तालीम चुकवली. पण ओट्याजवळची शिकवणी हिनं चुकवू दिली नाही. आम्ही गात होतो. गाणं संपलं, वळून पाहतो तर दारात रिचा दीदी! माझी तब्येत पाहायला आलेली. केव्हाची उभी होती कोण जाणे.

ही म्हणाली, "अग बाई, चप्पल घालून उभी काहून? आत ये!" मग आठवलं की दीदीला मराठी येत नाही. "अंदर आओ ना, बेटा। चाय लोगी?"

दीदीनं विचारलं, "आंटी, आपने आवाज़ कैसे मिला ली? इनके साथ बिलकुल ब्लेंड हो रही थी!"

"मिलाई-विलाई नहीं," ही चहाचं पातेलं ठेवत म्हणाली. "छोटी की है। इनका सुर नया-नया है ना, मेरी आवाज़ से डर जाता है।"

दीदी चहा पूर्ण प्यायली. जाताना मला म्हणाली, "काका, वो हूं आप ही करेंगे। कीबोर्ड नहीं बजाऊंगी।"

दार लावून ही म्हणाली, "चांगली आहे हो पोरगी. पण चहात साखर कमी घेते."

*

प्रोग्रामच्या दिवशी ही सकाळपासून म्हणत होती, मी येणार नाही. निघताना मी तिवारीजींच्या आल्टोत बसलो तर ही मागच्या सीटवर आधीच बसलेली! तीच इस्त्रीची साडी.

मी म्हटलं, "तू तर येणार नव्हती?"

"तुम्ही कुर्ता उलटा घातला आहे. कोणी तरी सांगायला नको?"

खरंच उलटा होता.

हॉल गच्च भरलेला. हिला पहिल्याच रांगेत जागा मिळाली. गाणं चांगलं चाललं होतं. मग ती जागा आली. सगळे गप्प. अन् नेमके वरचे मोठे दिवे लागले! माझ्या डोळ्यांसमोर पांढरं, जसं चक्कीत कोणी पोतं आपटावं. हात दिसेना, दीदी दिसेना, काही दिसेना. मनात म्हणायचं ठरलं होतं, पण मनात तरी कोणी बोललं पाहिजे ना! बाजूचे दोघे माझ्याकडं पाहून राहिले. शांतता लांबत चालली. खाली कोणाची तरी खुर्ची करकरली.

अन् त्या पांढऱ्यातून, पहिल्या रांगेतून, अगदी बारीक आवाजात आलं, "अहो, ऐकलं का?"

"हूंऽऽऽ!"

दोन डबे मागून लागले. आल्टो चढली, टेनर चढले, सोप्रानो चढल्या, अन् गाणं पार घाटावर पोचलं! लोकांना वाटलं, ते विचारणं गाण्यातलंच आहे. इतक्या टाळ्या!

बाहेर आलो तर तिवारीजी लोकांमध्ये अडकलेले. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला ऑटो पाहत उभे. दीदी पळत आली. हिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आंटी! अब मना मत कीजिएगा। आप आल्टो में आ जाइए!"

ही म्हणाली, "नहीं बेटा, आल्टो में भीड़ होगी। हम ऑटो से जाएंगे।"

"भीड़ नहीं होगी, आंटी! एक जगह रखी है आपके लिए। रविवार को, पांच बजे।"

"रविवारची आल्टो आतापासून काहून?" हिनं मला विचारलं. मग दीदीला म्हणाली, "अन् एकच जगह? ये कहां बैठेंगे?"

"काका? काका तो बेस हैं ना!"

या कॉयरमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच असं झालं होतं की दोघी काय बोलून राहिल्या ते सगळं मला कळत होतं. मी सांगायला तोंड उघडलं.

पण हिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग दीदीकडं वळून ठसक्यात म्हणाली, "बेस आहेत! मला नको सांगू, मला माहीत आहे. बेस आहेत म्हणून काय रस्त्यावर सोडून जाऊ?"

समोरून ऑटो आला.

"अहो, ऐकलं का? थांबवा त्याला!"

मी म्हटलं, "हूं."